तुझ्या तिघांपैकी एक

गॉर्टशील, मेयो
९ फेब्रुवारी १९२६

प्रिय डीलिया,

पत्रात आधी तब्येत विचारायची असते, म्हणून विचारते, कशी आहेस. आता कामाचं लिहिते, कारण शाई थोडी उरलीय आणि थेडी पलीकडच्या खोलीतून दर दोन मिनिटांनी “काय लिहिलंस?” असं ओरडतोय.

तुझा भाऊ पडला. नाताळच्या आठ दिवस आधी, गवताच्या गंजीवरून. प्यायलेला नव्हता, हे आधीच सांगते. प्यायलेला असता तर अंग सैल सोडून पडला असता आणि काही झालं नसतं, असं डॉक्टरच म्हणाले. खुब्याचं हाड मोडलंय. काठी घेऊन चुलीपर्यंत येईल म्हणतात. नांगरापर्यंत आता कधीच जायचा नाही.

मी सत्तावन्न वर्षांची आहे. चार गाई मी सांभाळते. पण पेगीन घोडी थेडीशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. माझ्या दंडाला तिचे दात लागून महिना झाला, वळ अजून जात नाही. देवाने आम्हाला मूल दिलं नाही आणि शेजारी बॅटी गिल्डी दिला. तो दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर येतो, थेडीच्या खाटेशी बसतो, आणि खाटेकडे कमी, खिडकीतून शेताकडे जास्त बघतो. जमीन त्याच्या नावावर करून द्यावी, तो आम्हाला मरेपर्यंत सांभाळेल, असं त्याचं म्हणणं. बॅटीने स्वतःच्या आईला कसं सांभाळलं ते तुला आठवत असेलच.

आम्हाला पैसे नकोत. डॉलर नांगर धरत नाही. तुझ्या तिघांपैकी एक मुलगा पाठव. ज्याच्यावाचून तुझं सर्वांत कमी अडेल तो पाठव, आम्ही निवड करणार नाही. आमच्या मागे सगळं त्याचं. एकोणीस एकर आहेत. त्यातली अकरा जमीन आणि बाकी लव्हाळं, हे मी लपवत नाही.

आणि सिस्टर कॅथरीनला आमच्यासाठी प्रार्थना करायला सांग. तुझ्या लेकीच्या पुण्याईवर आम्हाला चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत जागा मिळते.

तुझी वहिनी,
ओनोरा


बॉस्टन
३ मार्च १९२६

प्रिय ओनोरा,

पत्र वाचून मी जी बसले ती तासभर उठले नाही. बिचारा थेडी. लहानपणीही तो गंजीवरच चढायचा, आणि मार मला बसायचा.

मुलांचं म्हणशील तर कसं सांगू. फ्रँक पोलिसात इतका वर चढलाय की तो चार दिवस रजेवर गेला तर या शहराचं काय होईल, देव जाणे. लिओ बँकेत आहे. त्याचे हात तू पाहिलेस तर तूच त्याला दूध काढू देणार नाहीस. राहिला जोचा प्रश्न, तर तो संगीतात आहे, आणि त्याचे दिवस आत्ताच कुठे येतायत. अशा वेळी आईने पाय ओढायचे का?

पण मी हात झटकत नाही. मोठं खोकं पाठवतेय. आत माझा निळा रेशमी झगा आहे, तीनदाच घातलेला. फ्रँकचा जुना कोट आहे. पक्षी लावलेली हॅट आहे, ती तुला शोभेल. थेडीसाठी मलम आहे, ते रात्री चोळायचं आणि त्या वेळी सेंट अँथनीचं नाव घ्यायचं.

कॅथरीनला निरोप पोचवला. तिच्या मठाचे नियम फार कडक. पत्र लिहायचं नाही, बोलायचं नाही. पण प्रार्थना चालू आहे.

तुझी,
डीलिया


गॉर्टशील
२५ मार्च १९२६

नणंदबाई,

खोकं पोचलं. तुमचे उपकार.

रेशमी झगा मी घालून पाहिला. गोठ्यात गेले तर गाईंनी दूध वर चढवलं. पक्ष्याच्या हॅटवर मांजर दोन दिवस नजर ठेवून होतं, तिसऱ्या दिवशी पक्षी गेला. मलम थेडीने चाखून पाहिलं, मग चोळलं. सेंट अँथनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो, मोडलेली हाडं त्याच्याकडे नसतात. पण तुम्ही अमेरिकेत असता, तिकडे त्यांची कामं वेगळी वाटून दिली असतील.

फ्रँकचा पोलिसी कोट मात्र उपयोगी पडला. मी तो बुजगावण्याला घातला. परवा संध्याकाळी बॅटी गिल्डीने त्याला लांबून टोपी काढून नमस्कार केला. थेडीला सांगितलं, वाटलं हसेल. हसला नाही. डीलिया, तो हसतच नाही आता.

म्हणून आता नीट लिहिते. बॅटीने तळ्याकाठचं शेत आम्हाला न विचारता नांगरलं. शेजारधर्म, म्हणाला. मी दोन वेळा त्याला चहा दिला, उकडलेली अंडी दिली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यात त्याने स्वतःचं ओट पेरलेलं. विचारायला गेले तर म्हणतो, “जमीन पडीक ठेवायची का, वहिनी? उद्या सगळं एकच होणार आहे.”

थेडी ते सगळं खिडकीतून बघत होता. रात्रीचं जेवण त्याने नको म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “करून टाकू का सही?” मी म्हटलं, “कर, आणि मग बॅटीकडून रोज बटाटा मागून घे.” त्यावर तो काही बोलला नाही. चौतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी भांडायचा थांबला नव्हता. मला त्याची भीती वाटायला लागलीय.

मला पुन्हा झगे पाठवू नकोस. माणूस पाठव. पांगळा चालेल, बावळट चालेल, नाचणारा-गाणारा असला तरी चालेल. फक्त तो आपल्या मलार्की घराण्याच्या रक्ताचा असू दे, म्हणजे थेडी त्याच्याशी भांडेल तरी.

ओनोरा


बॉस्टन
१५ एप्रिल १९२६

प्रिय ओनोरा,

रविवारी तिघांना जेवायला बोलावलं. तिघं एकत्र येऊन वर्ष झालं असेल. मी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

फ्रँक बुजगावण्याच्या गोष्टीवर इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मी विचारलं, जाशील का, तर घड्याळ बघायला लागला. लिओची बायको म्हणाली, “तिकडे न्हाणीघरं आहेत का?” लिओ काहीच म्हणाला नाही, तो कधीच म्हणत नाही. आणि ओनोरा, लिओ बँकेत आहे हे खरं, पण दारात आहे. दार उघडतो.

जो तयार झालाय. सध्या तो रिकामाच आहे. हे ‘सध्या’ दोन वर्षांचं आहे, तेवढं समजून घे. दोन मेला त्याची बोट सुटते. कोव्ह बंदरात उतरून गाडीने कॅसलबारला येईल. त्याला सकाळी उठवायला लागतं, बाकी मनाने चांगला आहे.

थेडीला सांग, सही करू नकोस.

डीलिया


बॉस्टन
१ मे १९२६
(पत्र घेऊन येणारीच्या हाती)

प्रिय ओनोरा,

हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस म्हणजे आपला जो नाही, ते तुला दिसतंच आहे. जो परवा रात्री एका वाजवणाऱ्या टोळीबरोबर शिकागोला निघून गेला. चिठ्ठी ठेवून गेला. त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या.

ही कॅथरीन आहे. तब्येतीमुळे तिने मठ सोडला. केस तापात कापावे लागले. तिला जास्त प्रश्न विचारू नकोस, ती अशक्त आहे. शक्यतो तिला तुमच्या गावच्या फादर हेनिगनच्या समोर आणू नकोस. कृपा करून तिच्याशी नीट वाग.

हे पत्र तिने वाचू नये म्हणून लाखेने बंद केलंय.

डीलिया


गॉर्टशील
२० मे १९२६

नणंदबाई,

तुमची अशक्त मुलगी पोचली.

गाडीवाल्याने तिला फाट्यावर सोडलं. तिथून ती स्वतःची ट्रंक खांद्यावर घेऊन चढण चढून आली. मी दारात उभी. मानेपर्यंत कापलेले केस, ओठांना रंग, पायांत पुरुषी बूट. मी म्हटलं, “कोण हवंय?” ती म्हणाली, “मी किट. जो पळाला. हे आईचं पत्र. लाख मी बोटीवरच फोडली, त्यात सगळ्या थापा आहेत. पाणी मिळेल का?”

पाणी दिलं. ती थेडीच्या खाटेशी जाऊन बसली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “सिस्टर, आशीर्वाद द्या.” तुझा भाऊ खरंच तसं म्हणाला, दोन्ही हात जोडून. तेव्हा ही पोरगी इतकी हसली की कोंबड्या बाहेर पळाल्या. “मामा,” म्हणाली, “मी सहा वर्षं एका लाँड्रीची घोडागाडी हाकत होते. हॉटेलांची धुणी पोचवायची. मठ मी फक्त बाहेरून पाहिलाय, त्यांच्या चादरी आणायला जायचे तेव्हा.”

तुला कल्पना आहे का, सहा वर्षांत मी तुझ्या लेकीच्या नावावर काय काय खपवलंय? रेडिंग्टनच्या गाईचं आडवं आलेलं वासरू सुटलं ते तिच्या प्रार्थनेने. माझी दाढदुखी थांबली ती तिच्या जपाने. फादर हेनिगन दर ऑगस्टला तिच्या नावाने मिसा करतात. आणि ती माझ्या चुलीशी बसून सिगरेट पेटवत होती.

शेवटी थेडीने विचारलं, “घोडागाडी म्हणालीस?”

“दोन घोड्यांची,” ती म्हणाली.

“आमची घोडी चावते.”

“मीपण,” ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

मी खिडकीतून बघत होते. पेगीनने कान मागे घेतले. किट काही बोलली नाही, हात पुढे केला नाही, कुंपणाला पाठ टेकून उभी राहिली आणि सिगरेट ओढत राहिली, जसं काही तिला घोडीशी देणंघेणंच नाही. पाव तास गेला. मग पेगीनच तिच्याजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं. चौदा वर्षं ती घोडी आमच्याकडे आहे, माझ्याकडे आपण होऊन कधी आली नाही. सरळ सांगते, मला मत्सर वाटला.

मग किटने तिला लगाम घातला. थेडी खाटेवरून म्हणाला, “लगाम चुकीचा धरलाय.” मग ओरडून तिला सांगायला लागला. मग ती ओरडून त्याला उत्तर द्यायला लागली. तेव्हापासून रोज हेच चाललंय. माझं डोकं दुखतं. बरं वाटतंय.

आता खरं काय ते लिही. तिला विचारलं तर म्हणते, “आईला विचार, थापा तिच्या आहेत.” तुला पत्र लिही म्हटलं तर उठून निघून जाते.

ओनोरा


बॉस्टन
९ जून १९२६

प्रिय ओनोरा,

लिहिते. तू वाच, थेडीला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

वीस साली तिने एक मुलगा घरी आणला, वॉल्टर. प्रॉटेस्टंट. बर्फाच्या गाड्यांचा धंदा. मी म्हटलं, त्याच्याशी लग्न केलंस तर तू माझी कुणी नाहीस. तिने लग्न केलं नाही, तशीच राहायला गेली. मी म्हणायचं म्हणून म्हटलं होतं, ती खरंच तसं करेल असं वाटलं नव्हतं. महिन्याभराने चर्चच्या दारात बायकांनी विचारलं, कॅथरीन दिसत नाही. माझ्या तोंडून निघालं, मठात गेली. एकदा निघालं ते निघालं. सगळ्यांनी माझे हात हातात घेतले. एकीने मिठी मारली. मग तुलाही तेच लिहिलं.

चार वर्षांनी वॉल्टर कॅलिफोर्नियाला गेला, दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन. ती लाँड्रीत होतीच. तू मला श्रीमंत समजतेस, मी माझ्या घरात अकरा भाडेकरू ठेवते आणि त्यांच्या चादरी धुवायला देते. लाँड्री बदलली, आणि एका सोमवारी मागचं दार उघडलं तर गठ्ठा घेऊन ती उभी. मी घेतला. मळक्या चादरी दिल्या. ती गेली. ओनोरा, दोन वर्षं, दर सोमवारी. एकही शब्द नाही. मी चादरी मोजायचे, ती बोटांनी आकडा दाखवायची. एकदा मळक्या चादरींमध्ये मी ताटलीसकट सफरचंदाचा केक गुंडाळून ठेवला. पुढच्या सोमवारी ताटली धुऊन परत आली.

जो पळाला त्या दिवशी ती सोमवार नसताना आली. जोने तिला जाताना सगळं सांगितलं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “मी जाते मामाकडे.” तीनच शब्द. मी म्हटलं, “उबदार कपडे घे.” झालं आमचं बोलणं.

ती मला कधी लिहिणार नाही. तू लिहीत जा.

डीलिया


गॉर्टशील
५ जुलै १९२६

डीलिया,

मी थेडीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “दोघी मलार्की.” मग भिंतीकडे वळून झोपल्यासारखं केलं, पण झोपला नव्हता.

आता तू बस, कारण तुझं नाव गावात गेलंय आणि ते मीच घालवलंय.

किटने दलदलीतून जळणाच्या पीटच्या विटा एकटीने कापून वाळत घातल्या. तळ्याकाठच्या शेताला कुंपण घातलं, बॅटीचं ओट आतमध्ये ठेवून. बॅटीला कळलं की आता खिडकीतून बघण्यासारखं काही उरलं नाही. मग त्याने गावात पसरवायला सुरुवात केली की मलार्कींकडे मठातून पळालेली नन आहे, व्रत मोडून आलीय, तिचा हात लागेल त्या जमिनीला शाप लागेल. रेडिंग्टनच्या बायकोने आमच्याकडचं लोणी घेणं बंद केलं. एका म्हाताऱ्याने किटला पाहून रस्ता ओलांडला, आणि तो रस्ता ओलांडायला त्याला दहा मिनिटं लागतात.

परवाच्या रविवारी फादर हेनिगनने मोडलेल्या व्रतांवर प्रवचन दिलं. नाव घेतलं नाही. सगळं चर्च दुसऱ्या रांगेकडे बघत होतं. किट छताकडे बघत होती. तिच्या कानाची पाळी लाल झालेली मला दिसली. नुसती पाळी. मला वाटत होतं, हिला काही लागत नाही.

मिसा संपला. अंगणात सगळे उभे, बॅटी फाटकाशी. तो मोठ्याने म्हणाला, “थेडीने असल्या हातात जमीन दिली तर गावाचंच वाटोळं.” घरी निमूट जायचं असं मी ठरवलं होतं. डीलिया, मला दुसरी रांग आवडते, खोटं कशाला बोलू. तिथे पाय शेकायला कोळशाची शेगडी जवळ आहे. पण मी चर्चच्या पायरीवर चढले आणि म्हटलं, “ही कधीच नन नव्हती. ही धुणं पोचवायची. ननची थाप माझ्या नणंदेने बॉस्टनहून मारली आणि तिला तिखटमीठ मी लावलं. रेडिंग्टनबाई, तुमचं वासरू त्याचं तेच सुटलं. माझी दाढ मी दोऱ्याने उपटली. हिने काही मोडलेलं नाही. सहा वर्षं हिचं नाव विकून मी शेगडीजवळ बसले, आणि आता शिव्या हिने खायच्या?”

फादर दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, “मग मी सहा वर्षं मिसा कुणासाठी केले?”

मी म्हटलं, “फादर, ते वाया गेले नसतील. लागले असतील कुणाला तरी.”

त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता मला दफनभूमीतही जागा मिळणार नाही. पण ते किटकडे वळले. “पापनिवेदनाला येशील का, मुली?”

किट म्हणाली, “येईन. पण दुपार मोकळी ठेवा, वेळ लागेल.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग रेडिंग्टन हसला. मग अंगणभर हशा पिकला, आणि बॅटीसुद्धा हसायला लागला, आपण का हसतोय हे कळायच्या आधी. फादर हसले नाहीत. आत गेले. पण दार आपटून लावलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

आता आम्हाला शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायला लागतं. वारा लागतो. पण प्रवचन ऐकू येत नाही.

परत येताना किट गाडी हाकत होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, “मामी, तू असं करायची गरज नव्हती.” मी म्हटलं, “गप्प बस, घोडीकडे बघ.” मग ती गप्प बसली, आणि पेगीनला वाट माहीत आहे म्हणून बरं, कारण हिला पुढचं काही दिसत नव्हतं.

ओनोरा


बॉस्टन
२७ जुलै १९२६

ओनोरा,

तू माझी अब्रू चर्चच्या पायरीवर धुतलीस आणि वाळतही घातलीस. मी तुझ्यावर चिडले होते. दोन दिवस. मग मीही इथल्या बायकांना सांगून टाकलं. एकीने माझ्याशी बोलणं सोडलं. दुसरी म्हणाली, तिचा ‘युद्धात गेलेला’ नवरा क्लीव्हलंडला आहे आणि मजेत आहे.

ती जेवते का? तिला दूध आवडत नाही, पण ताक पिते. सकाळी लवकर उठवलं तर तिच्याशी तासभर बोलू नये. तिचा डावा खांदा ओझ्याने दुखतो का, विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

सांग.

डीलिया


गॉर्टशील
८ नोव्हेंबर १९२६

प्रिय डीलिया,

उशीर झाला. गवत, मग ओट, मग बटाटे, असं एकामागून एक आलं. गवत कोरडं आत आलं. बॅटीचं ओट किटने कापलं, अर्धं त्याच्या दारात टाकलं, अर्धं आमच्याकडे ठेवलं. बियाणं त्याचं, जमीन आमची. तो तिच्याशी वाद घालायला आला होता. पाच मिनिटांत परत गेला.

पण गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. धुतलेला शर्ट, केसांना लोणी, हातात बाटली. मी म्हटलं, कुणी मेलं का? तो खाटेशी बसला, घसा खाकरला आणि थेडीला म्हणाला की दोन्ही जमिनी शेजारी आहेत, मधलं कुंपण काढलं तर सोयीचं होईल, आणि कॅथरीन कष्टाळू आहे, मागचं विसरून जायला तो तयार आहे.

किट बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “वय काय तुमचं?”

“पन्नाशीच्या आसपास,” बॅटी म्हणाला.

“पलीकडून आसपास,” थेडी म्हणाला. “शाळेत आम्ही एकाच बाकावर होतो, आणि माझ्या आधी दोन वर्षं हा तिथेच बसून होता.”

किट म्हणाली, “ठीक आहे. तुमची जमीन आधी माझ्या नावावर करा. मग मी तुम्हाला मरेपर्यंत सांभाळते.”

बॅटी उठला. टोपी घेतली. बाटलीही घेतली. तो फाटकापर्यंत पोचतोय तोवर खोलीतून एक आवाज आला. मला वाटलं, थेडीला काही झालं. आत गेले तर तो हसत होता. खाटेची फळी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला बघून आणखी हसला. दहा महिने मी त्या आवाजाची वाट बघत होते. मी त्याला ओरडले की खुबा हलेल, आणि स्वयंपाकघरात जाऊन एप्रनमध्ये तोंड घालून उभी राहिले.

पुढच्या मंगळवारी तो म्हणाला, गाडी जोड. गाडीत गवताची गादी घातली, तू पाठवलेला रेशमी झगा उशीखाली, आणि कॅसलबारला वकिलाकडे नेलं. खड्डा आला की तो किटला शिव्या देत होता आणि ती त्याला. सही झाली. जमीन आधी माझ्या नावावर, माझ्यामागे तिच्या. वकिलाने विचारलं, “मुलीचा व्यवसाय काय लिहू?” थेडी म्हणाला, “भांडखोर.” वकिलाने ‘शेतकरी’ लिहिलं.

तुझे सगळे प्रश्न मी तिला विचारले. तू विचारलंस हेही सांगितलं. ती ताक पिते. खांदा दुखतो, आणि त्यावर तुझं मलम लावते. त्या वेळी कुठल्याही संताचं नाव घेत नाही.

आता ऐक. हे तिच्याविषयीचं माझं शेवटचं पत्र. भांडायचं असेल तर मला लिही, मी आहेच. पण तिची खबर हवी असेल तर तिला विचार. मी तुमच्या दोघींच्या मधलं मागचं दार व्हायला नकार देते. ती समोर बसलीय, मी लिहितेय ते उलटं वाचतेय, आणि तिला वाटतंय मला कळत नाही. खाली अर्धा कागद मोकळा सोडलाय. लेखणी तिच्या हातात देऊन मी गाईंकडे जातेय.

ओनोरा

*

आई,

मामी बाहेर गेलीय आणि खिडकीतून बघतेय. मामाही बघतोय. या घरात खासगी काही नसतं.

मी बरी आहे. काम पुष्कळ आहे. तू मला हाकललंस त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि मी गेले त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण तुला मी सांगून जायला हवं होतं. ते चुकलं.

इथे मी सगळ्यांना सांगून बसलेय की माझी आई मे महिन्यात येतेय. मामाने तर तुझ्यासाठी खोलीला चुना लावायचं ठरवलंय, म्हणजे मलाच लावायला लागणार. या घराण्यात थापा आधीच पुष्कळ झाल्यात. ही तरी खरी कर.

किट